मुंबई ते नागपूर अंतर किती? विमानाने, रस्त्याने आणि प्रत्यक्षात लागणारा वेळ

‘मुंबई ते नागपूर अंतर’ असं सर्च केलं की प्रत्येक साइट वेगळा आकडा दाखवते. हे आकडे चुकीचे असतातच असं नाही. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. सकाळी ११ ला इंटरव्ह्यू असेल तर हा फरक माहीत असायलाच हवा.

थोडक्यात उत्तर

• हवाई अंतर (विमानतळ ते विमानतळ): सुमारे ६८० किमी
• विमानाचा वेळ: साधारण दीड तास
• समृद्धी महामार्ग: ७०१ किमी

हवाई अंतर कसं काढतात?

दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरायची आणि हॅवरसाइन नावाच्या सूत्रात टाकायचं. मी हा कोड लिहून पाहिलाय, दहा ओळीसुद्धा लागत नाहीत. त्यात रस्ता, घाट, ट्रॅफिक काहीच नसतं. कोड न लिहिता बघायचं असेल तर गूगल मॅप्समध्ये जागेवर बोट दाबून धरा, पिन आली की खालची माहिती उघडा आणि ‘मेझर डिस्टन्स’ निवडा.

रस्त्याचं अंतर

समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ ला. पण लक्षात घ्या, ७०१ किमी हे भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचं अंतर आहे. तिथून तुमचं घर किती लांब, ते वेगळं मोजा.

आता वेळ. ७०१ ला १२० ने भागलं तर ५ तास ५० मिनिटं येतात. काही साइट्स असाच भागाकार करतात. पण ताशी १२० ही कारसाठीची कमाल मर्यादा आहे, घाटात तर १०० च. सरासरी ९० धरली तर पावणेआठ तास होतात.

घरापासून दारापर्यंत

दादर ते सीताबर्डी असा माझा अंदाज:

• विमान: विमानतळापर्यंत १ तास + दीड तास आधी पोहोचणं + उड्डाण दीड तास + बॅग अर्धा तास + नागपुरात अर्धा तास = ५ तास
• कार: आमणेपर्यंत दीड तास + समृद्धी पावणेआठ तास + चहा-जेवण १ तास + नागपुरात अर्धा तास = पावणेअकरा तास

म्हणजे दीड तासाचा प्रवास खरं तर पाच तासांचा आहे. तरी विमान निम्म्याहून कमी वेळात पोहोचवतं.

निघण्याआधी हे करा

१. मॅप्समध्ये मार्ग काढल्यावर तीन टिंबांवर टॅप करून पोहोचायची वेळ टाका. आत्ताचं ट्रॅफिक बघून उद्याचं प्लॅनिंग करू नका.
२. समृद्धीवर बाइक आणि रिक्षाला बंदी आहे. बाइकने जाणार असाल तर मॅपमध्ये टू-व्हीलर निवडूनच वेळ बघा.
३. मॅपच्या वेळेत तुमचा चहा, जेवण, डिझेल धरलेलं नसतं. किमान एक तास स्वतः वाढवा.
४. स्क्रीनवरची वेळ गाठण्यासाठी गाडी पळवू नका. सरळ, मोकळ्या रस्त्यावर डोळे उघडे असूनही लक्ष सुटतं. दर दोन तासांनी थांबा. उशीर झाला तर फोन करून कळवता येतं.