निशिगंध

निशिगंध (गुलछडी, रजनीगंधा) : शतावरी कुलातील कंदवर्गीय, बहुवर्षायू फुलझाड. मूळस्थान मेक्सिको. स्पॅनिश लोकांनी ते सोळाव्या शतकात युरोपात नेले. लिनीअसने १७५३ मध्ये नोंदवलेले पॉलिअँथस ट्यूबरोजा हे शास्त्रीय नाव अजून प्रचारात असले, तरी नव्या वर्गीकरणात ही वनस्पती घायपाताच्या वंशात गेली असून तिचे नाव आता अगेव्ह अमिका असे आहे. महाराष्ट्र, पश्चिम बंगाल, कर्नाटक व तमिळनाडूत तिची व्यापारी लागवड होते.

वर्णन : पाने लांब, अरुंद, गवतासारखी व बुंध्याशी लालसर असतात. त्यांच्या मधून ६० ते १०० सेंमी. उंचीचा सरळ फुलदांडा येतो. त्यावर पांढरी, मेणचट, नळीसारखी फुले जोडीजोडीने लागतात आणि तळाकडून शेंड्याकडे उमलत जातात. काढणी केव्हा करायची आणि फुलदाणीत निगा कशी राखायची, हे या क्रमावर ठरते. सुगंध रात्री वाढतो. मूळ प्रदेशात रात्री उडणारे पतंग परागण करतात.

प्रकार : एकेरी फुलात पाकळ्यांची एकच ओळ असते. ही फुले अधिक सुवासिक असून सुटी विक्री व अत्तर यांसाठी वापरतात. दुहेरी प्रकारात पाकळ्यांच्या अनेक ओळी असतात व कळ्यांवर बहुधा गुलाबी झाक असते. त्याचे दांडे फुलदाणीसाठी विकले जातात. निमदुहेरी प्रकार या दोहोंच्या मधला. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ (एकेरी) आणि ‘सुवासिनी’ (दुहेरी), तसेच महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले रजनी’ (एकेरी) हे प्रसिद्ध वाण होत.

लागवड : निचऱ्याची, सेंद्रिय खताने भरलेली जमीन व भरपूर ऊन लागते. महाराष्ट्रात एप्रिल-मेमध्ये साधारण ३० ग्रॅम वजनाचे निरोगी कंद ५ ते ७ सेंमी. खोल लावतात. हेक्टरी २०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद व २०० किलो पालाश अशी शिफारस आहे. नत्र हप्त्यांनी देतात. सुमारे तीन महिन्यांत फुले सुरू होतात. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. पुढचा बहर त्याच्या भोवती आलेल्या पिल्लांना येतो. त्यामुळे पीक तीन वर्षे शेतात ठेवता येते, मात्र त्यानंतर दाटी होऊन दांडे आखूड पडतात. पाणी साचले की खोडकूज लागते. फुलकिडे, कोळी व सूत्रकृमी यांचाही उपद्रव होतो.

काढणी व उपयोग : हार, वेण्या व गजऱ्यांसाठी फुगलेल्या कळ्या पहाटे खुडतात व वजनावर विकतात. फुलदाणीसाठी तळाची एक-दोन जोड फुले उमलताच दांडा सकाळी किंवा सायंकाळी कापून लगेच पाण्यात उभा करतात. त्याआधी कापला, तर वरच्या बऱ्याच कळ्या मिटलेल्याच गळतात. खुडल्यावरही फूल काही काळ सुगंध निर्माण करत राहते. म्हणून फ्रान्समधील ग्रास येथे पूर्वी ताजी फुले चरबीच्या थरावर पसरून अत्तर काढीत. आता विद्रावक वापरतात.

फुलदाणीतील निगा : दांड्याचे टोक पाण्याखाली धरून तिरपे कापावे, म्हणजे आत हवा शिरत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढावीत. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम साखर व ३०० मिग्रॅ. सायट्रिक आम्ल घातल्यास वरच्या कळ्या उमलायला मदत होते. नुसती साखर घातली, तर जंतू वाढून दांड्याच्या नलिका तुंबतात. सुकलेली फुले रोज खुडावीत, पाणी बदलावे. अशी निगा राखल्यास दांडा साधारण आठवडाभर टिकतो.

रचना : निशिगंध रचनेला उभी रेषा देतो. उंच दाणी बुडाशी जड असावी. उथळ पात्रात दांडे उभे धरायला पिनहोल्डर (खिळ्यांची जड बैठक) लागतो. तेशिगाहारा सोफू यांनी १९२७ मध्ये स्थापलेल्या सोगेत्सु या जपानी पुष्परचना पंथात मापाचा सोपा नियम आहे. मुख्य दांडा पात्राच्या रुंदी-उंचीच्या बेरजेच्या दीडपट, दुसरा त्याच्या पाऊणपट आणि तिसरा दुसऱ्याच्या पाऊणपट घेतात. पात्र २४ सेंमी. रुंद व ८ सेंमी. उंच असेल, तर दांडे अनुक्रमे ४८, ३६ व २७ सेंमी. येतात. मूळ उभ्या रचनेत मुख्य दांडा जेमतेम १० ते १५ अंश कलता, दुसरा ४५ व तिसरा ७५ अंशांत ठेवतात. निशिगंधाची तळची फुले आधी सुकत असल्याने दांडा खालून कापत जावे लागते. अशा वेळी आखूड झालेला मुख्य दांडा दुसऱ्याच्या जागी घेऊन नवा उंच दांडा लावला, की रचनेचे प्रमाण टिकते.