फट अरुंद केली की प्रकाश अधिक का पसरतो?

अंधाऱ्या खोलीत दाराच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप आपण सर्वांनीच पाहिली आहे. फट अरुंद केली की तिरीपही तितकीच बारीक होईल, अशी आपली अपेक्षा असते आणि काही मर्यादेपर्यंत तसे घडतेही. मात्र फटीची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आली की उलटाच प्रकार दिसू लागतो. फट जितकी अरुंद, तितका समोरच्या पडद्यावरील पट्टा रुंद! मध्यभागी एक तेजस्वी पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मंद होत जाणारे पट्टे, असे हे दृश्य असते. यालाच प्रकाशाचे विवर्तन म्हणतात. इटलीतील फ्रान्सेस्को ग्रिमाल्डी यांनी सतराव्या शतकात केलेली विवर्तनाची निरीक्षणे त्यांच्या मृत्यूनंतर, १६६५ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

एक हिशेब करून पाहू. तांबड्या लेसरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, फट ०.१ मिलिमीटर रुंद आणि पडदा दोन मीटर अंतरावर असेल, तर मधला पट्टा सुमारे २६ मिलिमीटर रुंद पडतो. फट निम्मी केली की तोच पट्टा दुप्पट, म्हणजे ५२ मिलिमीटरचा होतो.

प्रकाश हा तरंग मानला, तर याचे स्पष्टीकरण सोपे आहे. फटीच्या निरनिराळ्या भागांतून आलेले तरंग पडद्यावर काही ठिकाणी एकमेकांना बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकांना नाहीसे करतात. परंतु प्रकाश फोटॉन या कणांच्या रूपानेही वावरतो. मग हे पट्टे फोटॉनांच्या आपसातील धक्काबुक्कीमुळे पडतात काय? १९०९ साली जी. आय. टेलर यांनी अतिशय मंद प्रकाशात सुईच्या सावलीचे छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांना सुमारे तीन महिने वाट पाहावी लागली. तरीही सावलीच्या कडेचे पट्टे तितकेच स्पष्ट उमटले. आज एकेक फोटॉन टिपणारी उपकरणे उपलब्ध आहेत. त्यांत प्रत्येक फोटॉनचा एकच ठिपका उमटतो. तो नेमका कोठे पडेल हे सांगता येत नाही. पण हजारो ठिपके जमले की तेच पट्टे साकार होतात.

याचा अर्थ वेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२७ साली मांडलेल्या अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे उलगडतो. फोटॉन फटीतून गेला, म्हणजे त्याचे आडव्या दिशेतील स्थान फटीच्या रुंदीइतक्या अचूकतेने ठरले. त्याची किंमत म्हणून त्याच दिशेतील त्याचा संवेग अनिश्चित होतो. ही अनिश्चितता साधारणपणे प्लांकच्या स्थिरांकाला फटीच्या रुंदीने भागल्यावर येते तेवढी असते. रुंदी कमी केली की संवेगाची अनिश्चितता वाढते आणि फोटॉन अधिक दूरवर विखुरतात. विवर्तनाच्या पट्ट्यांचे गणितही नेमके हेच उत्तर देते.

ही अनिश्चितता उपकरणांच्या ढोबळपणामुळे येते, हा समज मात्र चुकीचा आहे. १९२७ सालच्या सॉल्व्हे परिषदेच्या वेळी आइन्स्टाइन यांनी असाच आक्षेप घेतला होता. फोटॉन वळताना फटीच्या पट्टीला जो उलटा धक्का बसतो, तो मोजला तर संवेगही कळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यावर नील्स बोर यांचे उत्तर असे, की इतका सूक्ष्म धक्का मोजायचा तर त्या पट्टीचा संवेग आधीच तितक्या अचूकपणे ठाऊक हवा. आणि तो ठाऊक असला की अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार खुद्द फटीचेच स्थान अनिश्चित होते. म्हणजे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते.

प्लांकच्या स्थिरांकाचे मूल्य अत्यल्प, म्हणजे ६.६२६ गुणिले १० चा उणे ३४वा घात ज्यूल-सेकंद असल्याने दारातून जाणाऱ्या माणसाला किंवा चेंडूला हा परिणाम जाणवत नाही. प्रकाशाच्या बाबतीत मात्र निसर्गाने घातलेली ही मर्यादा एका बारीक फटीतून साध्या डोळ्यांनी पडद्यावर पाहता येते.