ॲट्रियल फिब्रिलेशन

ॲट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा एक विकार आहे. वैद्यकीय व्यवहारात त्याचे 'ए. एफ.' हे संक्षिप्त रूप रूढ आहे. मराठीत त्यास अलिंदांचे तंतुकंपन म्हणता येईल. उतारवयात त्याचे प्रमाण वाढते. अनियमित ठोके ही या विकाराची खूण होय. त्याचा मुख्य धोका मात्र रक्ताच्या गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा आहे.

स्वरूप

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद व खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. जुन्या पाठ्यपुस्तकांतून शिकलेल्यांना ते कर्णिका व जवनिका या नावांनी आठवत असतील. निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील 'सायनस नोड' या पेशीसमूहातून विद्युत्-संदेश निघतो व प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात. या विकारात अलिंदांमध्ये मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत संदेश उमटतात. त्यामुळे अलिंद आकुंचन न पावता नुसते थरथरतात. त्यांतील काही संदेशच निलयांपर्यंत पोहोचतात, तेही कोणताही क्रम न पाळता. म्हणून नाडी बेताल लागते.

धडधड, दम लागणे, थकवा व चक्कर ही लक्षणे होत. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही आणि पक्षाघात झाल्यावरच विकार उघडकीस येतो. मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजल्यास अनियमितपणा लक्षात येऊ शकतो. निदान मात्र ईसीजीनेच होते. या विकाराचा ईसीजी आलेख विलेम आइन्थोव्हेन यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केला. विकार अधूनमधून उद्भवत असल्यास २४ तास किंवा अधिक काळ नोंद ठेवणारे होल्टर यंत्र लावतात.

कारणे

उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, थायरॉईडचा अतिस्राव, मद्यपान व झोपेत श्वास अडकणे ही प्रमुख कारणे आहेत. भारतात आणखी एका कारणाची दखल घ्यावी लागते. बालपणी झालेल्या संधिवातज्वराने मायट्रल झडप अरुंद होते व तरुण वयातच हा विकार जडू शकतो.

पक्षाघाताचा धोका

थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून गोठते. झडपा निरोगी असल्यास गुठळी बहुधा डाव्या अलिंदाला जोडलेल्या छोट्या पिशवीत तयार होते. ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रामिंगहॅम येथील अभ्यासात हा धोका सुमारे पाचपट आढळला. झडप अरुंद असल्यास तो याहूनही अधिक असतो. धडधड थांबली म्हणजे धोका टळला, हा समज चुकीचा आहे.

उपचार

रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारे औषध द्यावे की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, पूर्वीचा पक्षाघात इत्यादींवरून ठरते. ॲस्पिरिन त्याची जागा घेऊ शकत नाही. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सबान, एपिक्सबान या नव्या औषधांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही. परंतु मायट्रल झडप बरीच अरुंद असल्यास वा कृत्रिम धातूची झडप बसवली असल्यास जुने वॉरफरिनच वापरतात. संधिवातज्वराने झडपा बिघडलेल्या रुग्णांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत रिव्हारोक्सबानपेक्षा वॉरफरिनच्या गटातील औषधे सरस ठरली.

वॉरफरिन घेताना 'आय. एन. आर.' ही तपासणी नियमित करावी लागते. तिचा आकडा सामान्यतः २ ते ३ दरम्यान राखतात. प्रयोगशाळा दूर असलेल्या गावी हीच खरी अडचण ठरते. मेथी, पालक यांतील 'के' जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम घटतो. पालेभाज्या वर्ज्य करण्याचे कारण नाही. प्रमाण एकसारखे असावे इतकेच. वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा त्या परस्पर घेऊ नयेत. तसेच वॉरफरिन किंवा नवी औषधे स्वतःहून बंद करणे घातक ठरू शकते.

ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवण्यासाठी मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन देतात. लय पूर्ववत करण्यासाठी अमिओडारोनसारखी औषधे किंवा भूल देऊन विजेचा नियंत्रित झटका, असे पर्याय आहेत. विकार ४८ तासांहून जुना असल्यास झटक्यापूर्वी सामान्यतः तीन आठवडे व नंतर किमान चार आठवडे गुठळीविरोधी औषध देतात. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हायसागेर व सहकाऱ्यांनी दाखवले की हे विस्कळीत संदेश बरेचदा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखाशी सुरू होतात. तो भाग विलग करण्याची ॲब्लेशन ही क्रिया त्यातूनच पुढे आली. ॲब्लेशन यशस्वी झाले तरी पक्षाघाताचा धोका अधिक असलेल्या रुग्णांचे गुठळीविरोधी औषध चालूच ठेवतात.