बिदागी: एका शब्दाची कुळकथा

वसईत लग्न उरकलं की मांडवामागे आणखी एक छोटा विधी होतो. बँडवाले ट्रम्पेटमधलं पाणी झटकतात, ड्रम टेम्पोत चढवतात, आणि घरातलं एखादं जाणतं माणूस म्होरक्याच्या हातात पाकीट ठेवतं. ठरलेले पैसे आधीच चुकते झालेले असतात. पाकिटातले त्यावरचे. या वरच्या पैशाला आपल्याकडे जुना शब्द आहे, बिदागी.

अरबीत 'विदाअ' म्हणजे निरोप. हिंदीत त्याची बिदा झाली, सासरी निघालेल्या मुलीची बिदाई झाली. मराठीत मात्र या शब्दाने निरोपाचा अर्थ जवळपास सोडून दिला आणि निघणाऱ्याच्या हातावर जे ठेवायचं तेवढंच धरून ठेवलं. शास्त्री, कीर्तनकार, गवई, शाहीर अशांना पेशवाईत बिदागी मिळे. ती मजुरी नव्हती, पगार नव्हता, आणि गाण्याची किंमत तर नव्हतीच. तुम्ही आलात, आमच्यासाठी घसा झिजवलात, आता रिकाम्या हाताने जाऊ नका, एवढंच त्यात होतं.

बिदागीचं जुळं भावंड म्हणजे सुपारी. एक शेवटी मिळते, दुसरी सुरुवातीला. पानसुपारी हातावर ठेवली की कार्यक्रम पक्का. गुन्हेगारी जगाने हा शब्द पळवला, तरी बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, तमाशाचे फड आजही 'सुपारी आली' असंच म्हणतात. वसईला तरी हा शब्द परका वाटू नये. इथल्या वाड्यांत नारळाशेजारी पोफळी उभ्या असतात, आणि पानवेलीच्या मळ्यांवरून एका समाजाला पानमाळी हे नाव पडलं आहे.

आता सुपारी आणि बिदागी यांच्या मधलं जे गाणं, ते कुणाचं? मला या शब्दाच्या कथेत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. ते गाणं कुणीही म्हणावं असं होतं. देहू-पंढरपूरचा अभंग वसईत म्हणायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण त्याच्या शेवटच्या चरणात नाव गुंफलेलं होतं. तुकोबांचं, नामदेवांचं, जनाबाईंचं. शाहिरांनीही लावणी-पोवाड्यांत तीच रीत पाळली. नाममुद्रा काढून टाकली तर छंदच मोडतो, म्हणून नाव गाण्याबरोबर गावोगाव गेलं. कथा विकणाऱ्यांना तुकोबांनी खडे बोल सुनावले आहेत, आणि वारकरी परंपरेत कीर्तनाचं मोल न घेण्याचा आग्रह त्यातूनच आला. नारदीय कीर्तनकाराला मात्र बिदागी मिळत राहिली, कारण त्याचं घर तिच्यावर चालत होतं. गाणं मोकळं, नाव पक्कं आणि गाणाऱ्याचं पोट बिदागीवर, अशी ही जुनी व्यवस्था होती. तीही उदार यजमान भेटला तरच पोट भरणारी, हे विसरून चालणार नाही.

ती मोडली यंत्राने. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी मुद्रित करायला कोलकात्यात आला आणि गायिका गौहरजान कर्ण्यासमोर गायली. तोवर गाणारा निघाला की गाणंही त्याच्याबरोबर निघायचं. आता गाणारा गेला तरी गाणं मागे राहू लागलं, विकलं जाऊ लागलं, आणि गाणाऱ्याचा हिशेब मात्र बहुधा एकदाच चुकता होई. पुढे सिनेमात हेच वाढत गेलं. मूळच्या गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी शेकडो गाण्यांचा वाद्यमेळ बांधला, पण वाद्यमेळ बांधणारे म्हणून पडद्यावर त्यांची नावं क्वचितच आली. म्हणजे बिदागी तर गेलीच, नाममुद्राही गेली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमाच्या संगीताचा हक्क निर्मात्याच्या बाजूने दिला. गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा न सोडता येणारा वाटा मिळायला २०१२ची कायदादुरुस्ती यावी लागली.

वरातीत मात्र जुनी रीत टिकली, आणि तीही कायद्यातच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलम लग्नाच्या वरातीला आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना धार्मिक विधीच्या सवलतीत धरतं. वरातीत वाजणाऱ्या सिनेमाच्या गाण्यासाठी परवाना लागत नाही. बँडवाल्याचं पोट भरतं ते त्याच्या फुंकेवर.

वरातीबाहेर गाणं मोकळं ठेवायचं तर आज कर्त्यालाच तशी परवानगी आधी देऊन ठेवावी लागते. त्यासाठीचे क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने २००२ च्या डिसेंबरात अमेरिकेत निघाले, आणि भारतासाठीचे २००७ मध्ये पवईच्या आयआयटीत. आमचं गाणं घ्या, वाजवा, फक्त नाव लावा, हा त्यातला सगळ्यात साधा परवाना. तो वाचताना मला नाममुद्राच आठवली. पण अनेक कलावंत त्यात 'धंद्यासाठी नको' ही अट जोडतात, आणि तिथे मला खटकतं. ही अट मोठ्या कंपनीला रोखण्यासाठी घातली जाते, पण वरातीबाहेर सुपारी घेऊन वाजवणारा बँडवालाही तिच्यात अडकतो. तुकोबांचा अभंग या अटीवर असता तर बिदागी घेणाऱ्या कीर्तनकाराला तो म्हणताच आला नसता. नुसतं नाव मागणारा परवाना मला अधिक आपला वाटतो.

तरी परवान्याने पोट भरत नाही. त्यात नाव लावण्याची सक्ती आहे, बिदागीची नाही, आणि एकदा दिलेला परवाना मागेही घेता येत नाही. कुपारी या इथल्या बोलीत गाणी रचून यूट्यूबवर टाकणारी वसईची मुलं ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचली आहेत. पण ऐकणारा त्यांच्यासमोर नसतो, त्यामुळे पाकीट कुणी कुणाच्या हातात ठेवायचं हा प्रश्न तसाच राहतो. मोकळं गाणं आणि कलावंताची भाकरी यांचं वैर नाही, हे बिदागीने कित्येक पिढ्या दाखवलं आहे. मधे तुटला आहे तो फक्त हात.

तो जोडणं आपल्याकडे आहे. यंदा घरात लग्न असेल तर बँड निघताना मांडवामागे जा, आणि ठरल्यापेक्षा थोडं अधिक म्होरक्याच्या हातात ठेवा. लग्नाच्या व्हिडिओखाली कुणाची मोकळी धून वापरली असेल तर पहिल्या ओळीत तिच्या कर्त्याचं नाव लिहा, त्याला शोधून काढा, आणि शंभर का होईना, रुपये पाठवा. पाठवताना 'बिदागी' असंच लिहा.