जुन्या कागदांतील शपथ, मिती व निशाणी

मध्ययुगांतून अर्वाचीन काळांत येतांना महाराष्ट्राच्या समाजस्थितींत कोणते पालट झाले, हें ठरवितांना अभ्यासकांचें लक्ष बहुधा कागदांतील फारसी शब्दांच्या भरण्याकडे जातें. आमच्या मतें शपथ, मिती व निशाणी हीं कागदाचीं तीन अंगें याहून भरंवशाची साक्ष देतात.

प्रथम शपथ घेऊं. शिलाहार अपरादित्याच्या परळ येथील इ. स. ११८७ च्या शिलालेखांत दान मोडणाऱ्यास गाढवाची शिवी दिली आहे. अशा गद्धेगाळ शिळा यादवकाळींही उभारल्या गेल्या. पुढें सुलतानी अमलांतील मराठी दानपत्रांत दुहेरी शपथ आढळते. हिंदूस गाईची व मुसलमानास सुवराची. उद्यां वतनास हात घालणारा अंमलदार कोणत्याही धर्माचा असूं शकेल, हें लिहिणारानें येथें गृहीतच धरलें आहे.

मितीची साक्ष याहून सूक्ष्म आहे. इ. स. १६७४ मध्यें शिवछत्रपतींनीं राज्याभिषेक शक सुरू केला आणि राज्यव्यवहारकोशानें फारसी संज्ञांस संस्कृत प्रतिशब्द दिले. तथापि दप्तरांतून अरबी अंकशब्दांचा सुहूर सन गेला नाहीं. पेशव्यांच्या कागदांतही तो मुसलमानी महिन्याच्या चंद्रासह येतो. राज्य बदललें, संज्ञा बदलल्या, पण कारकुनाची वहिवाट टिकली. सुहूर सन मृगापासून चालतो. त्याचे महिने मात्र चांद्र. ‘समान सबैन अलफ’ म्हणजे १०७८. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे इ. स. १६७७ येतें, आणि जानेवारीपुढील भागास ६०० मिळवावे लागतात. नकलेंत महिना व चंद्र गळला, तर इसवी सन एका वर्षानें चुकण्याचा संभव राहतो.

तिसरें अंग निशाणीचें. शिळेवर मुख्यतः दात्याचें वचन असे. महजरांत गोत बोलतें. वतनाच्या तंट्यांत पाटलाचा नांगर, सुताराचें किंकरें, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या कागदाच्या शेवटीं उमटतात. ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांचीही साक्ष ग्राह्य मानली जात होती, याचा हाच पुरावा होय. बलुतेदारांनीं स्वतःच्या हातानें मागें ठेवलेली दुसरी खूण क्वचितच मिळते.

असें असतां नकला करणारे पुष्कळदां मधला मजकूर तेवढा उतरून घेतात आणि माथा व पायथा सोडून देतात. मूळ कागद कसरीनें खाल्ला, म्हणजे उरते ती निनांवी व बिनतारखेची हकीकत. संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, मायना, मिती, शिक्के व निशाण्या जशाच्या तशा, त्यांच्या जागीं उतरून घ्याव्या. मजकुरांतून आपणांस तंटा कळेल. समाज कळावयाचा तो या कडांवरूनच.