प्रांतिक अपील न्यायालये, बंगाल
प्रांतिक अपील न्यायालये : ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल इलाख्यातील मधल्या पायरीची दिवाणी न्यायालये. गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याने १७९३ मध्ये विनियमांची जी संहिता जारी केली, तीनुसार ती कलकत्ता, डाक्का, मुर्शिदाबाद व पाटणा येथे स्थापन झाली. पुढे १७९५ मध्ये बनारस येथे व १८०३ नंतर बरेली येथेही अशी न्यायालये सुरू झाली.

जिल्हाधिकाऱ्याकडील न्यायदानाचे अधिकार काढून ते स्वतंत्र न्यायाधीशाकडे सोपविणे, हे या योजनेचे मुख्य सूत्र होते. त्यामुळे महसूल वसूल करणारा अधिकारीही न्यायालयास जबाबदार ठरला. जिल्हा व शहर न्यायालयांच्या निर्णयांवर प्रांतिक न्यायालयात अपील करता येई. सुरुवातीस १,००० रुपयांपर्यंतच्या दाव्यांत त्याचा निर्णय अंतिम असे. त्यापुढील दाव्यांत कलकत्त्याच्या सदर दिवाणी अदालतीकडे दाद मागता येई. जिल्हा न्यायाधीशाविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी स्वीकारून त्या वरिष्ठ अदालतीकडे पाठविण्याचे कामही त्याच्याकडे होते.

प्रत्येक न्यायालयात तीन न्यायाधीश असत व ते सर्व कंपनीचे इंग्रज करारबद्ध नोकर असत. काजी, मुफ्ती व पंडित हे त्यांच्या मदतीस असत. वारसा, विवाह इ. बाबींत मुसलमानांना इस्लामी कायदा व हिंदूंना धर्मशास्त्र लागू करावयाचे असल्याने त्यांच्या मतावर निर्णय अवलंबून राही. तथापि न्यायासनावर त्यांना स्थान नव्हते. एतद्देशीय व्यक्तीस मुन्सफ म्हणून केवळ ५० रुपयांपर्यंतचे दावे चालविण्याचा अधिकार होता.

हेच न्यायाधीश फिरती फौजदारी न्यायालये म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत जात. देहान्त शासनास सदर निजामत अदालतीची मान्यता आवश्यक असे. या दुहेरी कामामुळे दिवाणी अपिले तुंबत, तर कच्च्या कैदेतील आरोपींना न्यायाधीशांच्या पुढील फेरीची वाट पाहावी लागे. जिल्ह्यापासून दूर असलेल्या न्यायालयापर्यंत जाण्याचा खर्च गरीब पक्षकारास पेलत नसे. अधिकाराचा दुरुपयोग रोखण्यासाठी उभारलेली व्यवस्था अशा रीतीने विलंबाचेच कारण बनली.

वरच्या जबाबदारीस अपात्र ठरलेल्या नोकरांची ही विश्रांतिस्थाने होत, असे लॉर्ड विल्यम बेंटिंकचे मत होते. त्याने १८२९ मध्ये फिरतीचे फौजदारी काम आयुक्तांकडे दिले. १८३१ पासून ही न्यायालये क्रमाने बंद करण्यात येऊन १८३३ मध्ये ती संपुष्टात आली. त्यांचे काम जिल्हा न्यायाधीश व सदर अदालत यांच्यात वाटले गेले. त्याच सुमारास एतद्देशीय न्यायाधीशांचे अधिकार वाढविण्यात आले. अल्प खर्चात न्याय देण्याची निकड सरकारला भासल्याने हा बदल झाला. मात्र वरिष्ठ न्यायासन त्यांना खुले होण्यास १८६२ नंतरच्या उच्च न्यायालयांची वाट पाहावी लागली.