फराहबाग आणि भिंगारची छावणी

राजवाडा आणि सैन्यतळ यांचे सान्निध्य अनेक नगरांत आढळते. परंतु अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, त्या दोहोंचा संबंध नगराच्या जन्मापासूनचा आहे. इ. स. 1490 मध्ये अहमद निजामशहाने भिंगारनजीक बहामनी फौजेचा पराभव केला व त्या रणभूमीवरच बाग आणि महाल उठविला. पुढे हुसेन निजामशहाने तेथेच दगडी किल्ला बांधला. मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दीत नगराच्या आग्नेयेस तलावाच्या मध्यभागी फराहबागेचा अष्टकोनी, दुमजली महाल सिद्ध झाला.

ऑगस्ट 1803 मध्ये वेलस्लीने शिंद्यांकडून किल्ला जिंकला. 1817 च्या पुणे-तहाने तो कायमचा इंग्रजांकडे गेला व भिंगारलगत छावणी वसली. सुलतानांच्या विलासस्थानाजवळ गोऱ्या शिपायांच्या बराकी उभ्या राहिल्या. पहिल्या महायुद्धात येथील छावणीत जर्मन नागरिक स्थानबद्ध होते. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसच्या पुढाऱ्यांना किल्ल्यात डांबण्यात आले. पंडित नेहरूंनी आपला भारतविषयक सुप्रसिद्ध ग्रंथ तेथेच लिहिला. राजाचा महाल, शिपायाची बराक आणि देशभक्ताची कोठडी, ही तिन्ही रूपे या एका भूमीने पाहिली. स्वातंत्र्यानंतर नगर हे चिलखती दलाच्या शिक्षणाचे केंद्र झाले. 1994 मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय उघडले तेही फराहबागेच्या परिसरातच.

सुलतानांची व सेनापतींची नावे बखरींत आणि गॅझेटियरांत नमूद आहेत. परंतु महालाच्या खापरी नळांसाठी चर खणणारे, बराकीत पखालीने पाणी पुरविणारे, शिपायांचे गणवेश शिवणारे, घोड्यांची दाणावैरण वाहणारे हात कोणाचे होते? त्यांची नोंद क्वचितच कोणी ठेवली. छावणी केवळ शिपायांवर चालत नाही. ती भोवतालच्या गावांच्या श्रमावर चालते.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती आहे. ज्यांचे वाडवडील पलटणीत, छावणीच्या चाकरीत अथवा बाजारात होते, त्यांनी घरातील जुनी पत्रे, निवृत्तीचे दाखले व हिशेबाच्या वह्या रद्दीत घालू नयेत. आजोबा-आजींच्या आठवणी साल व गाव यांसह लिहून ठेवाव्या. फराहबागेचा तलाव आटला, भिंती तरी उभ्या आहेत. माणसाची आठवण एकदा आटली, की तिचा अवशेषही उरत नाही.